हरकत कशाची होती?

पुण्यात सहकारनगरच्या आमच्या गल्लीत मला ‘अर्जवाल्या काकू’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं ते नाव मला सुखावत होतं. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे अर्ज लिहिण्यात हात बसलेला. विषय, संदर्भ, महोदय, मग मुद्दे, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’. गल्लीत कुणाला काही खुपलं की आधी माझ्या दारची बेल वाजायची. रस्त्यावर ओतलेली वाळू, रात्री उशिरापर्यंत वाजणारा मांडव, परवानगीशिवाय तोडायला काढलेला गुलमोहर. यातल्या बहुतेक अर्जांची मला आजही लाज वाटत नाही. एकाची वाटते. तो अर्ज एका पोळी-भाजी केंद्राविरुद्धचा होता. त्याची लगेच दखल घेतली गेली आणि ते केंद्र बंद पडलं.

आमची सोसायटी पूरग्रस्तांची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि मुठेकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले. आम्ही नारायण पेठेत भाड्यानं राहत होतो. मी तेव्हा चार वर्षांची, त्यामुळे मला ‘आठवतं’ ते सगळं आईनं सांगितलेलं : शाळेच्या वर्गातला मुक्काम, मग निसन हट नावाची अर्धगोल पत्र्याची खोपटी. पुढे सरकारनं शहराच्या कडेला जागा दिल्या आणि पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. गोखलेनगर, एरंडवणे, पर्वती, सहकारनगर. आमच्या वाट्याला आलेली जमीन भाडेपट्ट्याची होती, आणि पट्ट्यात अट होती की वापर निवासासाठीच करावा. ही अट पुढे माझ्या फार कामी आली.

माझ्या मनात गल्लीचं एक चित्र पक्कं होतं. दुपारी दोन ते चार कुणी कुणाची बेल वाजवायची नाही. संध्याकाळी तळजईकडे चालत जाणारी माणसं. आणि दुकान म्हणाल तर एकही नाही. ही शांतता आपल्या आईवडिलांनी पेठेतल्या गजबजाटानंतर मुद्दाम निवडली, असं मी मानत होते आणि नव्या भाडेकरूंना ते ऐकवतही होते. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते मीच ठरवून टाकलं होतं.

निवासी भागात दुकानं-हॉटेलं नकोत म्हणणारे सगळे रिकामटेकडे तक्रारखोर असतात, असं मात्र मी आजही म्हणणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, दोन बंगले पाडून हॉटेल झालं. त्याच्या भटारखान्याचा पंखा मागच्या घराच्या बेडरूमकडे तोंड करून बसवलेला. खरकटं तेल गटारात सोडलं की ते गोठतं आणि चेंबर तुंबतं, आणि ते तुंबलेलं पाणी हॉटेलात शिरत नाही, शेजारच्या तळमजल्यावर शिरतं. शनिवारी-रविवारी दोन्ही बाजूंनी गाड्या. एकदा एका आजोबांना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स वळेचना, शेवटी स्ट्रेचर कोपऱ्यापर्यंत चालवत न्यावं लागलं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागाला ६५ आणि ५५. कागदावर हा फरक दहाचा दिसतो, पण हे मोजमाप असं आहे की दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते. ज्याच्या उशाशी तो पंखा आहे त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

२०२०मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीनं शहरातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हाही मी हरकत घेतली होती. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) वापरता येत नव्हता, म्हणजे बंगल्याच्या जागी उंच इमारत उठत नव्हती. कुंपणं मागे सरकवायची, बाहेरची झाडं घालवायची, आणि रस्ता रुंद झाला म्हणून त्यावर कितीतरी पट माणसं आणि गाड्या आणायच्या. वाहतूक सुधारण्याच्या नावाखाली हे चाललं होतं. प्रभात रस्त्यापासून आमच्याकडेपर्यंत लोकांनी हरकती दिल्या. त्या कागदावर सही करताना मी बरोबर होते आणि उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

घोटाळा तिथेच झाला. एका मोठ्या बाबतीत आपण बरोबर होतो, एवढ्या पुंजीवर मी पुढच्या प्रत्येक बाबतीत स्वतःला बरोबर धरून चालले.

पोळी-भाजी केंद्र काढणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ‘मावशी’ म्हणायचो. वयानं त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण स्वयंपाकाला येणारी बाई कितीही लहान असो, ती मावशीच. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांत त्या पोळ्या करायच्या. माझ्याकडेही. राहायला अरण्येश्वरच्या बाजूला, आंबिल ओढ्याच्या काठी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला पूर आला, त्यात त्यांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. तेव्हा आम्ही सोसायटीतून कपडे, भांडी, चादरी गोळा केल्या. ‘आपण स्वतः पूरग्रस्त, आपल्याला कळतं’ असं सगळ्यांना सांगत मीच यादी केली होती.

मग २०२० आलं. टाळेबंदीत सोसायट्यांनी कामाच्या बायकांना आत येणं बंद केलं. आमच्या फाटकावरचा तो कागदही माझ्याच अक्षरातला. काही घरांनी महिना-दोन महिने पगार दिला, नंतर थांबवला. घरोघरी पोळ्या लाटण्याचं यंत्र आलं किंवा सुनेनं-मुलानं मनावर घेतलं. निर्बंध सैल झाल्यावर मावशींना सहापैकी दोनच घरांनी परत बोलावलं. त्यांनी शेजारच्या आप्पांचं रिकामं गॅरेज भाड्यानं घेतलं, हाताखाली दोन बायका घेतल्या आणि दारावर पाटी लावली.

आता माझा अर्ज. त्यात लिहिलं होतं : अनोळखी व्यक्तींचा वाढता वावर, महिला व ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न, बेशिस्त पार्किंग, आगीचा धोका, आणि जमिनीच्या अटींचा शर्तभंग. शर्तभंग हा शब्द सापडला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! सुरक्षिततेचं वाक्य मी रचलं होतं. गल्लीतल्या एकाही बाईनं मला सांगितलं नव्हतं की भीती वाटते. दुपारी बाराच्या सुमाराला केंद्रापुढे रिक्षावाले थांबायचे, जवळच्या दवाखान्यातल्या आया यायच्या, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी पोरं डबा घेऊन जायची. कुणी दोन मिनिटं आमच्या कुंपणाला टेकून उभं राहायचं. मला खुपत होतं ते एवढंच. माझ्या फाटकासमोर कोण उभं राहील हे मला ठरवायचं होतं, आणि ते लिहिता येत नाही म्हणून मी सुरक्षितता लिहिली.

त्याच पोळ्या माझ्या ओट्यावर लाटल्या जात होत्या तेव्हा ती मदत होती. गॅरेजमध्ये लाटल्या गेल्यावर तो व्यापारी वापर झाला.

पुरावा म्हणून मी गॅलरीत वही घेऊन बसायचे आणि गल्लीत शिरणारं प्रत्येक वाहन टिपायचे. वही भरत गेली तसं दिसायला लागलं की केंद्राकडे येणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. बाकीच्या आमच्याच फाटकांशी थांबत होत्या. पार्सल घेऊन येणारे, किराणा आणणारे, दवाखान्यात न्यायला येणाऱ्या टॅक्सी, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या क्लासला मुलं सोडणाऱ्या आया. मी काय केलं? केंद्रापुढच्या गाड्यांचीच पानं अर्जाला जोडली. बँकेत माझ्या हाताखालच्या कुणी अशी निवडक पानं जोडून अहवाल दिला असता तर मी त्याची चौकशी लावली असती.

तो क्लास, त्याच्या पलीकडचं चार्टर्ड अकाउंटंटचं कार्यालय, एका बंगल्याच्या तळमजल्यावरचा त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना आणि तीन घरांमधली पेइंग गेस्टची व्यवस्था, यांतल्या एकावरही मी कधी अर्ज केला नव्हता. ती माणसं आमच्या भिशीत होती. नियमही त्यांना साथ देत होते. डॉक्टर-वकिलांना घरातून व्यवसाय करायला विकास नियमावलीत वाट असते. ‘घरगुती व्यवसाय’ नावाचंही एक कलम असतं, पण त्याची व्याख्या मोठी कडक. व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या माणसानं करायचा, पगारी मजूर ठेवायचा नाही, बाहेरून कळेल अशी पाटी लावायची नाही, आणि तो खाण्यापिण्याच्या ठिकाणाचा नसावा. डिसेंबर २०२०मध्ये राज्यासाठी एकत्रित नियमावली आली, तिच्यात रुंद रस्त्यांवरच्या भूखंडांना दुकानं-ऑफिसांची बरीच मुभा मिळाली; दाट वस्तीबाहेर बारा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचे भूखंड मात्र मुख्यतः निवासीच राहिले. आमचा रस्ता अरुंद. मावशी तिथे राहत नव्हत्या, त्यांनी दोन बायका पगारी ठेवल्या होत्या, पाटी लावली होती आणि खाणं विकत होत्या. सगळी कलमं एकटीवर लागू. हे वाचताना मला न्याय सापडल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायला आज जड जातंय.

पाहणी झाली, आप्पांना नोटीस आली, त्यांनी घाबरून गॅरेज रिकामं करून घेतलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे उठले. मावशी माझ्याकडे आल्या नाहीत.

यानंतरही माझं मन बदललं नसतं, कबूल करते. पण काही महिन्यांनी सोसायटीला एक पत्र आलं. शर्तभंगाचा उल्लेख माझ्या अर्जात होता ना, तो कुणीतरी गांभीर्यानं घेतला होता. एकाच भूखंडाचं कशाला, सगळ्याच भूखंडांवर निवासाखेरीज कोणकोणता वापर चालू आहे याचा खुलासा मागितला होता. गल्ली हादरली. क्लासवाले, सीए, डॉक्टर, पेइंग गेस्टवाले सगळे माझ्या दिवाणखान्यात जमले. आणि मला तेव्हा, त्या बैठकीत, चहाचे कप मांडताना लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या तळमजल्यावरची खोली मी एका इंटिरियर डिझायनर मुलीला ऑफिससाठी दिली आहे. दर महिन्याला भाडं घेत होते. तो व्यापारी वापर आहे हे मला सुचलंच नव्हतं, कारण ती मुलगी गोड होती आणि तिच्याकडे येणारी माणसं कारमधून येत होती.

खुलासा अर्थात मीच लिहायचा. त्यासाठी जुने कागद हवे होते, म्हणून माजी सचिवांच्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं. कसर लागलेल्या फायली, गंजलेल्या टाचण्या, आणि तळाशी इतिवृत्ताची पहिली वही. जुने लोक तिला ‘प्रोसिडिंग’ म्हणायचे. मला हवी होती भाडेपट्ट्याची प्रत. ती वरच मिळाली. वही मी केवळ वडिलांची सही दिसते का ते बघायला उघडली.

साठच्या दशकातली पानं. आमची मंडळी तेव्हा नुकती राहायला आली होती. विषय काय होते? नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, पावसाळ्यात साप निघतात. आणि पुन्हा पुन्हा येणारा एक विषय : जवळपास दुकान नाही. भाजीला मंडईपर्यंत जावं लागतं, दळणासाठी लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला. एका सभेत तर दुकानासाठी एक भूखंड राखून ठेवावा, अशी विनंती सरकारला करण्याचा ठराव होता. पेठेत त्यांचं आयुष्य दुकानांच्या माथ्यावर गेलेलं. खाली पानवाला, शेजारी शिंपी, समोर कागदवाला. इथल्या माळावर येऊन ती शांतता त्यांना खायला उठत होती. ती त्यांनी निवडली नव्हती. पुरानं त्यांना तिथे आणून टाकलं होतं.

मी खाली बसले ती बसलेच. मग गिरणीचं पान आलं.

एका सभासद बाईंच्या यजमानांचं शनिवार पेठेत किराणा दुकान होतं. पुरात दुकान गेलं आणि पुढच्या वर्षी यजमानही गेले. पदरात मुलं. त्यांनी समितीकडे परवानगी मागितली होती : घराच्या पुढच्या खोलीत थोडा किराणा आणि पिठाची गिरणी. एका सभासदाची हरकत नोंदलेली होती. मोटारीचा आवाज होईल, पीठ उडेल, आणि दळणाच्या निमित्तानं बाहेरच्या वस्तीतली माणसं सोसायटीत येतील. हरकत घेणाऱ्याचं नाव वाचलं. माझे वडील.

माझ्या अर्जातले मुद्दे जवळजवळ त्याच क्रमानं तिथे होते. मी त्यांच्याकडून हे कधी ऐकलं नव्हतं. वडील गिरणीच्या विरुद्ध होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कारण गिरणी मला माहीत होती! दळणाचा डबा कमरेवर घेऊन मीच जायची तिथे. पट्ट्याचा खडखडाट, गरम पिठाचा वास, दळणाऱ्या काकांच्या पांढऱ्या झालेल्या भुवया. रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका असायच्या आणि टेकडीखालच्या वस्तीतल्याही. मी कॉलेजात जाईपर्यंत ती चालू होती. पुढे मुलांनी घर विकलं, तिथे फ्लॅट झाले. आणि ‘आमच्या गल्लीत कधी एकही दुकान नव्हतं’ असं मी लोकांना सांगत सुटले होते. खोटं बोलत नव्हते. मला तसंच आठवत होतं. गल्लीच्या चित्रातून मी गिरणी पुसून टाकली होती आणि उरलेल्या चित्राला वारसा म्हणत होते.

ठराव बहुमतानं मंजूर झाला होता, एक मत विरुद्ध. खाली चार अटी. गिरणी सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चार ते सात चालवावी. रांग कुंपणाच्या आत लावावी, रस्त्यावर नाही. पीठ उडू नये यासाठी तोंडाला कापडी पिशवी बांधावी आणि मोटारीचा आवाज वाढल्यास समितीनं पाहणी करावी. चौथी अट मी दोनदा वाचली : दळणासाठी आलेल्या कोणालाही तो सोसायटीचा सभासद नाही या कारणानं परत पाठवू नये. ज्या मुद्द्यावर वडिलांची हरकत होती, नेमक्या त्यावर ती अट होती.

आणखी काही पानं पुढे दिवाळीच्या आधीची एक सभा. भाजणीच्या दिवसांत गिरणीची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवावी, अशी सूचना आहे. ती एकमतानं मंजूर. सूचक, माझे वडील. मला त्या पानावर हसू आलं, आणि मग ते टिकलं नाही.

कारण एक गोष्ट आता टाळता येत नव्हती. वडिलांच्या आणि माझ्या हरकतीत शब्दांचा फारसा फरक नव्हता. पण वडील त्या बाईंच्या समोर बोलले होते. सभेच्या उपस्थितीत त्यांचं नाव आहे, त्या तिथे बसलेल्या होत्या. हरकत ऐकल्यावर त्यांना उत्तर देता आलं, इतरांना मध्ये पडता आलं, आवाज आणि पीठ यांच्यावर उपाय काढता आला, आणि ज्या मुद्द्यात नुसता दुजाभाव होता तो बाजूला काढता आला. माझा अर्ज लिफाफ्यातून गेला. मावशी आठवड्यातले सहा दिवस माझ्या फाटकासमोर होत्या आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की, मावशी, गाड्या जरा आत लावायला सांगा. असं म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि बहुधा म्हणूनच मी म्हटलं नाही. उपाय निघाला असता तर केंद्र राहिलं असतं.

त्या रात्री मी खुलासा लिहायला घेतला आणि पहिल्यांदाच माझा अर्ज अडला.

मावशी आता धनकवडीत आहेत, हे आप्पांनी सांगितलं. शोधत गेले. छोटा गाळा, दुप्पट भाडं, पण विद्यार्थ्यांची वस्ती असल्यामुळे गर्दी बरी. मी म्हणाले, “तो अर्ज मी लिहिला होता.” त्या म्हणाल्या, “माहीत होतं, काकू. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?” रागाचा सूर नव्हता, आणि माफीचाही नव्हता. आप्पांकडे भरलेली अनामत परत मिळाली, पण ओटा आणि धुराडं बांधायला घातलेले पैसे गेले, हे त्यांनी हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी काहीतरी बोलायला लागले. त्या म्हणाल्या, “जरा बाजूला थांबता का? गिऱ्हाईक उभं आहे.” मी थांबले, मग पोळ्या घेतल्या आणि रिक्षानं घरी आले. ज्यांना या गोष्टीत गळ्यात पडून रडण्याचा प्रसंग अपेक्षित असेल त्यांची निराशा होईल, माझीही झाली.

गल्लीत हे बोलले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मग उद्या गच्चीवर बार आला तर?” तर मी हरकत घेईन, आणि कडाडून घेईन. रात्री दहानंतर आवाज, गाड्यांची सोय नाही, परवाने संशयास्पद, आणि ज्याच्याशी बोलायचं तो मालक कधी दिसतच नाही. त्या मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलाच्या पंख्याविरुद्धचा माझा अर्ज अजून चालू आहे. त्यांच्याकडे वकील आहे, त्यामुळे आमच्या अर्जाला तारखा मिळतात. मावशींकडे वकील नव्हता, त्यामुळे त्यांचं काम लगेच आटपलं. लहान माणसावर नियम चटकन चालतो, एवढं तरी अर्ज लिहिणाऱ्यानं लिहिण्याआधी लक्षात घ्यायला हवं. मी घेतलं नाही.

आणि एक गंमत. कोपऱ्यापलीकडे आता दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपनीचं गोदाम झालं आहे. खिडक्या नाहीत, पाटीही फारशी नाही, आणि मध्यरात्रीपर्यंत मोटारसायकलींची ये-जा. हे व्यापारीकरण नाही तर काय आहे? पण ग्रुपवर त्याविरुद्ध एक अक्षर उमटत नाही. आम्हा सगळ्यांना रात्री अकराला कोथिंबीर हवी असते.

आता सध्याचं सांगते. सोसायटीच्या खुलाशात आम्ही खरं लिहिलं : अमुक घरांत अमुक वापर आहे, माझ्या खोलीसकट. त्यावर निर्णय अजून यायचा आहे. आप्पांच्या गॅरेजसाठी नवरा-बायको विचारून गेले आहेत; इस्त्री आणि कपड्यांची दुरुस्ती करायचं म्हणतात. नियमात ते आज सहज बसत नाही आणि चोरून करायला लावणं मला पटत नाही. म्हणून मी वार्षिक सभेपुढे एक मसुदा ठेवला आहे : अरुंद रस्त्यावरच्या छोट्या, लोकांच्या रोजच्या गरजेच्या व्यवसायांना अटींवर परवानगी द्यावी, अशी सोसायटीनं सरकारकडे मागणी करावी. सोबत चार अटी जोडल्या आहेत. वेळ, रांग आणि गाड्या, धूर-कचरा-आवाजाची पाहणी, आणि चौथी जुन्या वहीतली जशीच्या तशी. ज्यांनी व्यवसाय मागितला आहे त्या जोडप्याला सभेला बोलावलं आहे. खुर्च्या त्यांच्यासाठीही मांडल्या जातील.

गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं आहे. सीएंनी सही केली, डॉक्टरांनी नाही. हे वाचणाऱ्यांत आमच्या सोसायटीतले कुणी असतील, किंवा अशाच एखाद्या सोसायटीत असाच कागद फिरत असेल, तर सही करा किंवा करू नका. हरकत असेल तर सभेत, त्या माणसांच्या समोर उभं राहून सांगा आणि लेखीही द्या. फक्त कारण खरं लिहा, एवढी विनंती.